दातांवरून वय सांगणारे सर एडविन साँडर्स

जन्माचा दाखला नसेल, तर एखाद्याचे वय ठरवण्यासाठी न्यायवैद्यक तज्ज्ञ हाडांबरोबर दातही तपासतात. या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांमध्ये एडविन साँडर्स यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यांनी हे काम केले, तेव्हा ते अवघे २३ वर्षांचे होते.

साँडर्स यांचा जन्म १८१४ मध्ये लंडनला झाला. तरुणपणीच ते दंतवैद्य झाले. तो काळ इंग्लंडमधील कापड गिरण्यांचा होता. लहान मुले तिथे पहाटेपासून रात्रीपर्यंत राबत. १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालील मुलांना बहुतेक गिरण्यांत बंदी झाली. नऊ ते तेरा वयाच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास काम देता येई. तेरा पूर्ण झाली की मात्र बारा तास!

पण मुलाचे वय कळणार कसे? तिथे सरकारी जन्मनोंदणीच १८३७ मध्ये सुरू झाली. डॉक्टर उंची आणि अंगकाठी पाहून दाखला देत. घरात पैशांची चणचण असल्याने आईवडीलही वय वाढवून सांगत. उंचीवरून वय कळत नाही, हे आम्हा कॅडेट्सना रोज दिसते. परेडला कदवार उभे राहिलो की एकाच वयाची दोन मुले रांगेच्या दोन टोकांना जातात.

साँडर्स यांनी हजारांहून अधिक मुलांचे दात तपासले. पहिली कायमची दाढ साधारण सहाव्या-सातव्या वर्षी येते. मग पुढचे दात बदलतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षाच्या सुमारास दुसरी दाढ येते. हा क्रम उंचीपेक्षा पुष्कळ नियमित असतो. म्हणून वयाची परीक्षा दातांवरून घ्यावी, असे त्यांनी १८३७ मध्ये पुस्तिका लिहून ब्रिटिश संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे मांडले. दातांवरून अगदी जन्मतारीख कळत नाही, अंदाजच बांधता येतो. पण तो नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी भरवशाचा होता.

पुढे ते राणी व्हिक्टोरियाचे दंतवैद्य झाले. लंडनमध्ये दंतरुग्णालय उभारण्यात त्यांचा मोठा वाटा होता. १८८३ मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. तो मिळवणारे ते पहिले दंतवैद्य. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले.

राजवाड्यातल्या मानापेक्षा मला त्यांचे तरुणपणीचे काम मोठे वाटते. अकरा वर्षांच्या मुलाला तेराचा ठरवले, तर त्याच्या माथी रोज तीन तासांचे जादा काम बसे. त्या मुलाचे कोणी ऐकत नव्हते. साँडर्स यांनी त्याला तोंड उघडायला सांगितले आणि त्याच्या बाजूने पुरावा उभा केला. आपण शिकलेली विद्या दुबळ्याच्या रक्षणासाठी वापरणे, हे सैनिकाचेही कर्तव्यच आहे.