मेबल आरोळे

डॉ. मेबल रजनीकांत आरोळे (जन्म : २६ डिसेंबर १९३५, मृत्यू : २७ सप्टेंबर १९९९) या ग्रामीण आरोग्याच्या क्षेत्रात कार्य करणाऱ्या भारतीय डॉक्टर होत्या. पती डॉ. रजनीकांत आरोळे यांच्यासह त्यांनी १९७० मध्ये जामखेड (तत्कालीन अहमदनगर, आताचा अहिल्यानगर जिल्हा) येथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यापुरते मर्यादित असलेले रुग्णसेवेचे ज्ञान खेड्यांतील निरक्षर स्त्रियांच्या हाती देणे, हे या प्रकल्पाचे मुख्य वैशिष्ट्य मानले जाते.

शिक्षण आणि पूर्वायुष्य

मेबल यांचे माहेरचे आडनाव इमॅन्युएल. त्यांचे वडील जबलपूर येथील ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या महाविद्यालयात प्राध्यापक होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली. तेथेच राहुरीच्या रजनीकांत आरोळे यांच्याशी परिचय झाला आणि १९६० मध्ये दोघे विवाहबद्ध झाले. खेड्यातील गरिबांसाठीच काम करायचे, हा निश्चय त्यांनी विवाहाच्या वेळीच केला होता.

नेवासा तालुक्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले. बरा होऊन गेलेला रुग्ण तोच आजार घेऊन पुन्हा दारात उभा राहतो, हा तेथील नित्याचा अनुभव होता. आजाराचे मूळ दूषित पाण्यात, अपुऱ्या अन्नात आणि अज्ञानात असेल, तर केवळ रुग्णालय चालवून भागणार नाही, हे त्यांना उमगले. पुढे अमेरिकेत उच्च प्रशिक्षण घेऊन दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. जामखेडच्या प्रकल्पाची आखणी याच काळातली.

जामखेड

जामखेड हा बीड जिल्ह्याला लागून असलेला अवर्षणप्रवण तालुका. आरोळे दांपत्याने जनावरांच्या जुन्या दवाखान्याच्या इमारतीत काम सुरू केले आणि लवकरच १९७२चा दुष्काळ पडला. लोकांना तेव्हा औषधांआधी अन्न आणि पाणी हवे होते. त्यामुळे मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे आणि पिण्याच्या पाण्याच्या कूपनलिका ही कामे आरोग्याच्या कामातच धरली गेली. अनेक गावांत हातपंप दलित वस्तीत बसवले गेले. पाण्यासाठी इतरांना तेथे येणे भाग पडले.

परिचारिका ते आरोग्यसेविका

मूळ योजनेनुसार प्रशिक्षित साहाय्यक परिचारिका गावोगावी राहून काम करणार होत्या. ही योजना फसली. शहरी वळणाच्या, बहुधा अविवाहित तरुण मुलींना एकटीने खेड्यात राहणे अवघड जात होते आणि गावातील बायकाही त्यांच्याशी मन मोकळे करीत नव्हत्या. ज्या मुलीने बाळंतपण अनुभवलेले नाही, तिचा सल्ला चार मुलांच्या आईने का मानावा, हा प्रश्न स्वाभाविकच होता. म्हणून गावानेच आपल्यातील एक स्त्री निवडून द्यावी, असे ठरले. निवडल्या गेलेल्यांत दलित, विधवा आणि परित्यक्ता स्त्रिया पुष्कळ होत्या. बहुतेकींना अक्षरओळखही नव्हती.

या स्त्रियांच्या प्रशिक्षणात मेबल यांचा वाटा मोठा होता. सेविका दर आठवड्याला जामखेडला मुक्कामी येत. निरनिराळ्या जातींच्या या बायका एकत्र जेवत आणि एकाच मोठ्या पांघरुणाखाली झोपत. पुस्तकाचा उपयोग नसल्याने शिकवणे प्रत्यक्ष दाखवून, प्रश्न विचारून आणि गाण्यांतून चाले. बाळंतपणाआधी हात साबणाने कसे धुवावेत, नाळ कापण्याचे पाते व दोरा निर्जंतुक का हवा, जुलाब लागलेल्या रुग्णास मीठ-साखरेचे पाणी किती आणि किती वेळाने द्यावे, हे त्या शिकल्या. रेंगाळलेल्या खोकल्यात थुंकी तपासायला पाठवणे, क्षयरोग्याचे औषध मध्येच सुटू न देणे, कुष्ठरोगाचा बधिर चट्टा ओळखणे आणि संवेदना गेलेल्या पायांच्या जखमा जपणे, हेही त्यांच्याकडे आले. यांतील बहुतेक गोष्टी परिचर्येच्या पाठ्यपुस्तकातल्याच होत्या.

खरी अडचण शिकलेल्यांची होती. निरक्षर बाईला आपले ज्ञान दिले तर आपले महत्त्व कमी होईल, अशी धास्ती प्रकल्पातील परिचारिकांना वाटत असे. ही धास्ती दूर करणे सेविकांना शिकवण्याहून कठीण ठरले, असे म्हणावे लागते. हळूहळू परिचारिकेची भूमिका बदलली. ती सेविकेची शिक्षिका आणि अवघड रुग्णांत तिचा आधार झाली. डॉक्टर, परिचारिका व समाजसेवक यांचे फिरते पथक गावांना भेट देई आणि सेविकेच्या आवाक्याबाहेरचे रुग्ण जामखेडच्या रुग्णालयात येत. तेथे कुष्ठरोग्यांवरही इतरांच्या बरोबरीनेच उपचार होत. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

प्रकल्पाच्या नोंदींनुसार या गावांतील बालमृत्यूचे प्रमाण १९७१ मध्ये दर हजारी १७६ होते, ते १९७६ पर्यंत ५२ वर आले.

गौरव आणि लेखन

जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लोकाधारित आरोग्यसेवेवरील ग्रंथात जामखेडचा समावेश होता. तीन वर्षांनी झालेल्या आल्मा-आटा परिषदेपूर्वीच प्रकल्पाचे नाव त्यामुळे जगभर पोहोचले. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार आणि १९९० मध्ये पद्मभूषण मिळाला. दोघांनी मिळून लिहिलेले प्रकल्पाचा इतिहास सांगणारे इंग्रजी पुस्तक १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात सेविकांची आयुष्ये विस्ताराने आली आहेत.

मेबल यांचे १९९९ मध्ये निधन झाले. रजनीकांत आरोळे यांचे निधन २५ मे २०११ रोजी झाले. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि पुत्र रवी यांनी प्रकल्पाचे काम पुढे चालवले.