मुंबईत विजेची ट्राम आली आणि चुंबकसुई अलिबागला गेली! कोण होते नानाभॉय मूस?

सोलापुरात दुपारी ऊन डोक्यावर येतं, तोवर होकायंत्राची सुई सकाळच्या जागेवरून किंचित सरकलेली असते. डोळ्यांना कळणारही नाही इतकी. ती का सरकते, याचं उत्तर आहे आपल्या डोक्यावर सुमारे १०० किलोमीटर उंचीवर.

सूर्याच्या उष्णतेमुळे आणि चंद्राच्या ओढीमुळे समुद्रासारखी हवेलाही भरती-ओहोटी येते. हवेच्या या लाटा वर जाताना मोठ्या होत जातात आणि तिथल्या विद्युतभारित थराला ढकलतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात असा थर हलला की वीज वाहू लागते, अगदी सायकलच्या डायनॅमोसारखी. हा प्रवाह जमिनीवरची सुई हलवतो.

१८८९ मध्ये आर्थर शूस्टर यांनी ही कल्पना गणिताने तपासली. त्यांनी वापरलेल्या मोजक्या ठिकाणांच्या नोंदींत मुंबईही होती!

या नोंदी व्हायच्या कुलाबा वेधशाळेत. १८९६ मध्ये तिचे पहिले भारतीय संचालक झाले नानाभॉय अर्देशीर फ्रामजी मूस. जन्म १८५९ चा, पारशी कुटुंबातला.

थोड्याच वर्षांत संकट आलं. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम धावणार होत्या. त्यांची वीज जमिनीत झिरपली असती, तर वेधशाळेची नाजूक उपकरणं बिघडलेले आकडे दाखवू लागली असती. १८४६ पासूनची मालिका तिथेच संपली असती.

मूस यांनी ट्रामशी भांडण मांडलं नाही. त्यांनी खाडीपलीकडे अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी केली. पण नुसती जागा बदलून भागणार नव्हतं. दोन ठिकाणांच्या आकड्यांत फरक असतोच. म्हणून १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप झालं. त्यामुळे जुनी मालिका नव्या मालिकेला नीट जोडता आली. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये, म्हणजे त्यानंतरच.

१८४६ ते १९०५ च्या नोंदी आणि त्यांचं विश्लेषण मूस यांनी १९१० मध्ये दोन भागांत प्रसिद्ध केलं. चंद्राचा परिणाम सूर्यापेक्षा खूपच लहान असतो. तो पकडायला अशा अनेक वर्षांच्या सलग नोंदीच लागतात.

१९३६ मध्ये मूस गेले. मुंबईची ट्रामही १९६४ मध्ये बंद झाली. अलिबागची वेधशाळा मात्र आजही सुरू आहे.