काका बाप्टिस्टा आणि आधी कोणाचा हा प्रश्न



१५ ऑगस्ट जवळ आला की आपल्या धर्मग्रामात दरवर्षी तीच चर्चा होते. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण आणि देशाचा स्वातंत्र्यदिन एकाच दिवशी. मग आधी मिस्सा की आधी झेंडावंदन? मंडळाच्या बैठकीत हा प्रश्न वेळापत्रकाचा असतो आणि चहा संपेपर्यंत सुटतो. यंदा मात्र कॉलेजात जाणाऱ्या आपल्या एका मुलाने तो वेगळ्या तऱ्हेने विचारला. कोणीतरी त्याला ऐकवले होते, की तुमचा देव बाहेरचा, तुमचे पोप रोमला, मग तुम्ही आधी कोणाचे? मुलगा फारसा रागावलेला नव्हता. आपल्याला उत्तर सुचले नाही, याचेच त्याला वाईट वाटले होते.

त्याला मी एका माणसाची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हांलाही सांगतो, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचे नावही ऐकलेले नसेल.

जोसेफ बाप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजी मुंबईत माझगावच्या माथारपाखाडीत झाला. घराणे मूळचे उत्तनचे. आगबोटीने मुंबई गाठलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना माझगाव ठाऊक असेल, भाऊच्या धक्क्यावर उतरले की ते जवळच. तिथले जुने ख्रिस्ती लोक आपल्यासारखेच इथल्या मातीतले, घरात मराठी बोलणारे. पण १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा त्यांच्या पुढाऱ्यांनी स्वतःच्या समाजाला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले. सरकारी नोकऱ्यांमध्ये आपल्या मुलांना जागा मिळावी आणि आपण राणीचे एकनिष्ठ प्रजाजन आहोत हे दिसावे, हा त्यामागचा हेतू होता. त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पोटाचा प्रश्न होता. पण त्या वेळच्या ख्रिस्ती माणसाकडून समाजाची आणि सरकारची काय अपेक्षा होती, हे यावरून कळते. तेव्हा तरुण जोसेफ तेवीस वर्षांचा होता.

त्याने पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिक्षण घेतले, पुढे इंग्लंडला जाऊन केंब्रिजला राज्यशास्त्राचा अभ्यास केला आणि १८९९ मध्ये तो बॅरिस्टर झाला. त्या काळात इंग्लंडात आयर्लंडच्या होमरूलचा वाद पेटलेला होता. आयरिश लोक बहुसंख्येने आपल्यासारखेच कॅथलिक. रविवारी मिस्सेला जाणारे हे लोक इंग्रज सरकारकडे स्वतःचे राज्य मागत होते आणि त्यात त्यांना काही विसंगत वाटत नव्हते. होमरूल हा शब्द बाप्टिस्टांनी तिथून उचलला आणि मायदेशी आणला.

मुंबईत त्यांनी हायकोर्टात वकिली केली, लॉ कॉलेजात शिकवले, नगरपालिकेत कित्येक वर्षे काम केले. लोक त्यांना काका म्हणू लागले. बॅरिस्टरला काका म्हणणे सोपे नाही; माणूस लोकांत मिसळणारा असल्याशिवाय ते जमत नाही.

लोकमान्य टिळकांशी त्यांचा स्नेह जडला तो आयुष्यभर टिकला. टिळक गीतेवर भाष्य लिहिणारे, सनातन वळणाचे; बाप्टिस्टा कॅथलिक. १९०८ च्या जुलैमध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. आपला बचाव टिळकांनी स्वतः मांडला आणि कायद्याच्या मदतीला बाप्टिस्टा होते. नऊ ज्युरींपैकी सात जणांनी दोषी ठरवले आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला. त्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्याची माणसे खूप होती, आणि मालवण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यातच होते. आपल्या गावांतल्या कोणाचा तरी पणजोबा त्या संपात असणारच.

१९१० मध्ये विनायक दामोदर सावरकरांवर खास न्यायालयात खटला चालला, तेव्हा त्यांच्या बचावासाठी उभ्या राहिलेल्या वकिलांतही बाप्टिस्टा होते. शस्त्राचा मार्ग काकांचा नव्हता. त्यांची सारी भिस्त कायद्यावर, सभेवर आणि संघटनेवर. तरीही सरकारच्या रोषाला न घाबरता ते त्या तरुणाच्या बाजूने कोर्टात गेले. सावरकरांना दोन जन्मठेपा झाल्या.

इथे थोडे थांबतो, कारण आपल्या मुलाला विचारलेला प्रश्न याच जागी येतो. १९२३ मध्ये सावरकरांचे ‘हिंदुत्व’ हे पुस्तक निघाले. त्यात त्यांनी एक कसोटी मांडली: हा देश ज्याची पितृभू आहे आणि पुण्यभूही आहे, तोच पुरता इथला. ख्रिस्ती आणि मुसलमान यांची पितृभू इथे असली तरी पुण्यभू दूरच्या देशात, म्हणून त्यांचे प्रेम विभागलेले. पुढे १९२४ ते १९३७ सावरकर आपल्याच त्या वेळच्या जिल्ह्यात, रत्नागिरीला, स्थानबद्ध होते. त्यांच्या बुद्धीबद्दल आणि त्यांनी सोसलेल्या यातनांबद्दल मला आदर आहे. ही कसोटी मात्र मला पटत नाही, आणि ती खोडून काढायला मला ग्रंथ उघडावा लागत नाही. कोर्टात त्यांच्या बाजूने उभा राहिलेला बॅरिस्टर पुरेसा आहे.

शिवाय आपली पुण्यभू म्हणजे कोणती? विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीने प्रभू येशूला हाच वाद विचारला होता: भक्ती करायची ती या डोंगरावर की यरुशलेमात? प्रभूने दोन्ही जागा बाजूला ठेवल्या आणि पित्याची भक्ती आत्म्याने व खरेपणाने करणाऱ्यांची गोष्ट तिच्यापुढे ठेवली. पवित्र भूमीच्या यात्रेला जाऊन येणे चांगलेच, पण परमप्रसाद तिथे जेवढा तेवढाच इथे.

माझा एक शिक्षक मित्र नास्तिक आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरताना आमचे वाद होतात. मी कशाचीच पूजा करत नाही, असे त्याचे म्हणणे. मी त्याला विचारले, असे काय आहे ज्याच्यासाठी तू बाकी सगळे सोडशील आणि ज्याच्यावर कोणी शंका घेतलेली तुला खपणार नाही? तो बराच वेळ गप्प राहिला. मग हसून म्हणाला की विचार करून सांगतो. अजून सांगितलेले नाही. माझे म्हणणे असे, की प्रत्येक माणसाच्या घरात एक रिकामा देव्हारा असतो आणि तिथे कोणीतरी जाऊन बसतोच: पैसा, जात, पक्ष, पुढारी, कधी देशही. आपल्याकडे हल्ली जमिनीचा भावही बसतो म्हणा. आणि हे मित्रालाच नव्हे, आपल्यालाही लागू आहे. गळ्यात क्रूस असला म्हणून देव्हारा तपासायचा राहत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी हे नीट उलगडले आहे. देवानंतर माणसावर सगळ्यांत मोठे ऋण आईवडिलांचे आणि मायभूमीचे. ते फेडणे हा ऐच्छिक भाग नसून सद्गुण आहे. आराधना मात्र एकट्या देवाची. हा फरक मालवणच्या माणसाला अवघड जाऊ नये. समोर सिंधुदुर्ग किल्ला आहे. त्यात राजाराम महाराजांनी बांधलेल्या मंदिरात शिवाजी महाराजांची पूजा होते. आपले हिंदू शेजारी तिथे भक्तीने हात जोडतात. आपण पूजा करत नाही, पण ज्या राजाने या समुद्रावर आरमार उभे केले त्याला मुजरा करताना आपलीही मान मनापासून लवते.

बाप्टिस्टांनी देशाला काय दिले ते पाहा. टिळक मंडालेहून १९१४ मध्ये परतले. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन झाली. टिळकांनी स्वतः पद घेतले नाही. अध्यक्ष झाले बाप्टिस्टा. सनातन वळणाच्या त्या नेत्याला स्वराज्याच्या संघटनेच्या खुर्चीत कॅथलिक माणूस बसवताना काही अडले नाही, आणि त्यासाठी काकांना आपला क्रूस घरी ठेवून यावा लागला नाही. स्वराज्याच्या हक्काबद्दलचे टिळकांचे जे वाक्य शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ असते, तेही मूळ बाप्टिस्टांनी सुचवले असे सांगितले जाते. १९१७ मध्ये ते लीगच्या कामासाठी इंग्लंडला गेले आणि तिथल्या मजूर पक्षापुढे त्यांनी हिंदुस्थानची बाजू मांडली.

पण देशकार्य म्हणजे पुढारी सांगेल ते, असे त्यांनी कधी मानले नाही. टिळक १ ऑगस्ट १९२० रोजी गेले. सारा देश गांधीजींच्या मागे निघाला असताना असहकाराचा मार्ग काकांच्या मनाला पुरता पटला नाही, आणि न पटलेले पटल्यासारखे दाखवणे त्यांना जमणारे नव्हते. त्यामुळे ते मागे पडले. त्यांचे मत बरोबर होते असे मी म्हणत नाही. गांधीजींनी खेड्यातला माणूस जागा केला, ते कायदेपंडितांच्या हातून झाले नसते. पण ज्याची आपण आराधना करतो त्याच्याशी असा मतभेद करता येत नाही. काकांनी देशाला वेळ, विद्या, कमाई सगळे दिले. चूक सांगण्याचा हक्क तेवढा स्वतःकडे ठेवला.

राजकारणात मागे पडलेला हा माणूस कामगारांत रमला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये कामगारांच्या हक्कांवर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले होते. काका त्याच वाटेवर चालताना दिसतात. १९२० मध्ये मुंबईत आयटक ही कामगार संघटनांची देशव्यापी संस्था उभी राहिली. लाला लजपतराय तिचे पहिले अध्यक्ष, आणि १९२१ च्या झरियाच्या अधिवेशनाचे अध्यक्ष बाप्टिस्टा. झरिया म्हणजे कोळशाच्या खाणींचा मुलूख. १९२४ मध्ये जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेत ते हिंदी कामगारांचे प्रतिनिधी होते.

१९२५ मध्ये ते मुंबईचे महापौर झाले. त्याच वर्षी डिसेंबरात पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण सुरू केला. युरोपात तेव्हा राष्ट्राचीच पूजा सुरू झाली होती. इटलीत मुसोलिनी सत्तेवर होता. सर्व राज्यांच्या वर एक राजा आहे, याची आठवण ख्रिस्तसभेला त्या वेळी करून द्यावीशी वाटली. १९३७ मध्ये याच पोपनी जर्मनीतल्या चर्चमधून वाचण्यासाठी पत्र पाठवले आणि वंशाला वा राष्ट्राला देवाच्या जागी बसवण्याचा निषेध केला. हिटलरच्या राज्यात ते पत्र गुपचूप छापावे लागले.

हे पाहायला काका नव्हते. १८ सप्टेंबर १९३० रोजी ते वारले आणि शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांना मूठमाती मिळाली. माझगावला भंडारवाड्याच्या टेकडीवरच्या बागेला त्यांचे नाव आहे. मुंबईत नातेवाइकांकडे जाल तेव्हा शिवडीला एखादी मेणबत्ती लावून या. डॉकयार्ड रोडच्या पुढे तीन स्टेशने, कॉटन ग्रीनच्या पलीकडे.

१५ ऑगस्टला स्वर्गोन्नयनाची मिस्सा सकाळी साडेसातला. त्यानंतर चर्चच्या आवारात झेंडावंदन. झेंड्याची दोरी यंदा तो कॉलेजातला मुलगाच ओढणार आहे.

आपला,
प्रमुख धर्मगुरू