योहान केप्लर

योहान केप्लर यांचा जन्म १५७१ सालीं जर्मनींत झाला. पाळक व्हावें म्हणून ते देवज्ञान शिकले; परंतु नेमणूक झाली ती ग्राट्स येथें गणित शिकविण्यावर. १६०० सालीं प्रॉटेस्टंट मत सोडीनात म्हणून त्यांस तेथून घालविलें. पुढें लिंट्स येथें तर स्वमंडळीच्या पाळकानेंच मतभेदावरून त्यांस प्रभुभोजनास मना केलें. हें दुःख केवढें, हें वाचकांस सांगणें नलगे. तथापि त्यांनीं मंडळी सोडिली नाहीं. ग्रह लंबवर्तुळांत फिरतात हें ओळखून त्यांनीं १६२७ सालीं कोष्टकें छापविलीं, आणि बुध ७ नोव्हेंबर १६३१ रोजीं सूर्यबिंबावरून जाईल असें वर्तविलें. १६३० सालीं ते वारले. नेमल्या दिवशीं पॅरिस येथें गासेंदी नामक रोमी याजकानें कागदावर सूर्यबिंब पाडिलें. त्यावर लहानसा काळा ठिपका सरकत होता.