एका हाताचा दर्यावाचक

अमेरिकेतील यादवी युद्धात १८६२ साली जॉन वेस्ली पॉवेल यांनी उजवा हात गमावला. तरीही २४ मे १८६९ रोजी हे भूगर्भशास्त्रज्ञ नऊ साथीदार आणि चार होड्या घेऊन ग्रीन नदीतून कोलोरॅडोच्या अनोळखी दऱ्यांकडे निघाले. एक होडी खडकांवर फुटली, शिधा संपत आला. वाटेत एकाने मोहीम सोडली. ग्रँड कॅन्यनमधला भयंकर खळाळ पाहून आणखी तिघे पायी निघून गेले. ते पुन्हा दिसले नाहीत. दोनच दिवसांनी उरलेले सहा जण सुखरूप बाहेर पडले. खडकांचे थर न्याहाळून पॉवेल यांनी मांडले, की जमीन हळूहळू उचलली जात असताना नदी ती करवतीसारखी कापत राहिली. सुमारे १,६०० मीटर खोल ही दरी मुख्यतः गेल्या ५०-६० लाख वर्षांत कोरली गेली, असे आज मानले जाते.