बाबासाहेब आणि अडलेले विधेयक

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र लिहून द्या, असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा माझ्या मनात प्रथम नाव आले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. घटनेचे शिल्पकार म्हणून आपण सर्वजणी त्यांना ओळखतो. परंतु बायकांच्या हक्काचे विधेयक अडले म्हणून त्यांनी मंत्रिपद सोडले, हे मला फार उशिरा कळले. तोवर माझी एक सही होऊन गेली होती.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील रामजी सुभेदार सैन्यात होते. शाळेत अस्पृश्य म्हणून वेगळे बसावे लागलेला हा मुलगा पुढे न्यूयॉर्क व लंडन येथे शिकून मोठा विद्वान झाला. १९२७ साली त्यांनी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह केला आणि १९४७ साली ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री झाले.

हिंदू कोड बिल त्यापूर्वीच, ११ एप्रिल १९४७ रोजी मांडले गेले होते. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा, विधवेला वारशाने आलेल्या मिळकतीवर पूर्ण मालकी, एकपत्नीत्व आणि घटस्फोटाची मुभा, अशा गोष्टी त्यात होत्या. पण स्थळ आले म्हणजे लग्न झाले असे नव्हे, तसे विधेयक मांडले म्हणजे कायदा झाला असे नव्हे. मांडणी हे पहिले वाचन. दुसऱ्या वाचनात आधी तत्त्वावर चर्चा होते. पुष्कळदा विधेयक बारकाईने तपासायला प्रवर समितीकडे जाते. मग एकेक कलम घेऊन, त्यावरील दुरुस्त्यांसह, मत घेतात. तिसऱ्या वाचनात साऱ्या विधेयकावर मत होते. आज हे सर्व लोकसभा आणि राज्यसभा अशा दोन्ही सभागृहांत पार पडावे लागते आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती लागते. त्या वेळी सभागृह एकच होते, तरीही वाट सोपी नव्हती.

एप्रिल १९४८ मध्ये विधेयक प्रवर समितीकडे गेले. बाबासाहेबच तिचे अध्यक्ष होते. ऑगस्टमध्ये समितीचा अहवाल आला, तेव्हा आपले हिंगोली अजून निजामाच्या राज्यात होते; मुक्ती मिळाली ती महिन्याभराने, १७ सप्टेंबरला. पुढे चर्चा लांबतच गेली. सभागृहात विरोध, बाहेर मोर्चे. सनातनी तर रुष्ट होतेच, पण सत्ताधारी पक्षातही एकमत नव्हते. प्रकृती ढासळत असल्याने, विधेयक लवकर घ्यावे, असे बाबासाहेबांनी ऑगस्ट १९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्राने कळविले. सप्टेंबरमध्ये निदान विवाह व घटस्फोटाचा भाग तरी पुरा करावा असे ठरले. पण चार कलमे संमत झाली आणि तेही काम सोडून देण्यात आले. २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी राजीनामा दिला.

अडलेले विधेयक मात्र मेले नाही. त्याचेच तुकडे होऊन चार कायदे झाले. विवाहाचा कायदा १८ मे १९५५ रोजी झाला, वारशाचा १७ जून १९५६ रोजी, आणि अज्ञानपालकत्वाचा व दत्तक-पोटगीचा त्याच वर्षी. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महानिर्वाण झाले. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क मिळायला मात्र पुष्कळ वर्षे लागली. महाराष्ट्रात तो १९९४ साली आला, पण तेव्हा लग्न झालेल्या मुलींना वगळून. साऱ्या देशात, लग्न झालेल्यांनाही, २००५ साली.

आता माझ्या सहीविषयी. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर भावांच्या जोडीने माझेही नाव लागले. थोड्याच दिवसांत हक्कसोडीचा कागद पुढे आला. मी सही केली. भावांवरच्या मायेने केली, त्याचे दुःख नाही. दुःख याचे, की काय सोडते आहे हे न वाचता केली. सातबाऱ्यावरच्या त्या एका ओळीमागे नऊ वर्षांची चर्चा आणि एका माणसाचे मंत्रिपद होते, हे मला ठाऊकच नव्हते.

सही करावी की करू नये, हे जिचे तिने ठरवावे. पण कागद वाचल्याखेरीज आपल्या मंडळातल्या एकाही भगिनीने सही करू नये, एवढीच या शुभप्रसंगी माझी विनंती आहे.