परत आलेला कर्तारसिंग

परदेशी गेलेला मुलगा घरी पैसे पाठवतो, चार वर्षांनी सुट्टीवर येतो आणि साऱ्या गावाला त्याचे कौतुक वाटते. पण मायभूमीचे ऋण एवढ्याने फिटते काय? कर्तारसिंग सराभा याने या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या प्राणाने दिले. मी वीस वर्षांचा. तो गेला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. म्हणून त्याचा उल्लेख एकेरीच करतो.

लुधियाना जिल्ह्यातील सराभा या गावी २४ मे १८९६ रोजी त्याचा जन्म झाला. वडील लवकर वारले. आजोबांनी त्याला वाढवले आणि १९१२ साली शिक्षणासाठी अमेरिकेला धाडले. तेथे त्याला आपल्या देशबांधवांची अवस्था दिसली. ऑरेगन व वॉशिंग्टनमधील लाकडाच्या गिरण्यांत आणि कॅलिफोर्नियातील शेतांवर पंजाबी शेतकरी राबत होते. मजुरी गोऱ्यांपेक्षा कमी, वर अपमान. १९०७ साली बेलिंगहॅम गावातून तर गोऱ्या जमावाने त्यांना मारहाण करून हाकलून दिले होते. आपला देश गुलाम आहे म्हणून आपल्याला कोठेच मान नाही, हे त्या अल्पशिक्षित मजुरांना कोणी शिकवावे लागले नाही.

याच मजुरांनी १९१३ साली गदर पक्ष उभारला. अध्यक्ष सोहनसिंग भकना हे स्वतः गिरणी कामगार. सरचिटणीस लाला हरदयाळ. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून मला विशेष वाटते ते हे, की या पक्षाचे भांडवल म्हणजे मजुरांच्या घामाचा पैसा. १ नोव्हेंबर १९१३ रोजी 'गदर' पत्र उर्दूत निघाले, पाठोपाठ गुरुमुखीत. दोन लिप्यांचे ते पत्र छापण्यासाठी कर्तारसिंगाने अभ्यास बाजूला ठेवला आणि हातयंत्र फिरवले.

१९१४ साली महायुद्ध पेटले. पक्षाने हाक दिली, आणि पैसे पाठवून न थांबता माणसेच बोटींत बसली. अनेक जण बंदरावर उतरताच पकडले गेले. कर्तारसिंग निसटला. रासबिहारी बोस यांच्या मार्गदर्शनाखाली तो सैनिकांच्या छावण्यांतून फिरू लागला. उठावासाठी २१ फेब्रुवारी १९१५ हा दिवस ठरला. फितुरीचा संशय येताच तो १९ वर आणला. परंतु कृपालसिंग या खबऱ्याने तीही बातमी फोडली आणि उठाव फसला. २ मार्चला सरगोधा जिल्ह्यात कर्तारसिंग पकडला गेला.

या चळवळीत उणिवा नव्हत्या असे नाही. पैशासाठी सावकारांच्या घरांवर दरोडे घातले गेले. ज्या गावांसाठी ही मंडळी परतली, ती गावे अजून तयार नव्हती. पंजाबातील कित्येक घरांचा चरितार्थ सरकारच्या फौजेवर चालत होता. दूर राहून मायभूमीचे जे चित्र मनात जपले, ते आणि प्रत्यक्ष गाव यांत अंतर पडले. ते भरून काढायला कर्तारसिंगाला जेमतेम काही महिने मिळाले.

१६ नोव्हेंबर १९१५ रोजी लाहोरच्या तुरुंगात सात जणांना फाशी झाली. सहा पंजाबी, सातवे विष्णू गणेश पिंगळे, पुणे जिल्ह्यातील तळेगाव ढमढेरे येथील मराठी तरुण. तेही अमेरिकेत शिकायला गेले होते, तेही परतले, आणि मीरतच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले. मातृभाषा वेगळी, गाव वेगळे. पण फाशीचा दिवस एकच.

पुढे भगतसिंग कर्तारसिंगाचे छायाचित्र जवळ बाळगत असत. फसलेल्या उठावाचा जमाखर्च मांडू गेलो तर जमेच्या बाजूला एवढीच एक नोंद सापडते. मला ती लहान वाटत नाही.